लीगोनंतरचा तिसरा शनिवार

हेलसिंकीच्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि वेल्तानं गाडीचं दार चौथ्यांदा उघडून चौथ्यांदा आपटलं.

"बिजागरी निखळेल," आइरी म्हणाली. सकाळी घर सोडल्यापासूनचं हे तिचं तिसरं वाक्य असेल-नसेल.

"निखळू दे! ती बघ, पलीकडची रांग हलली. तिकडे घाल म्हणून मघाशी घसा फोडून सांगत होते मी."

"बोट एकच आहे वेल्ता. सगळ्या रांगा तिच्याच पोटात जातात."

यावर माणसानं बोलावं काय? वेल्ता गप्प बसली. म्हणजे तोंड गप्प बसलं, गुडघा हलतच राहिला. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नव्हतं, पण गेल्या आठवड्यापासून तिनं नुसता कहर मांडला होता. बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. काळ्या झग्याला इस्त्री केली, मग बॅगेत चुरगळेल म्हणून तो आकड्याला लटकवला, मग आकड्याला खांद्यांचा आकार बिघडतो म्हणून परत बॅगेत घातला. आइरी हे सगळं बघत होती आणि कॉफी पीत होती.

या आइरीनं चौतीस वर्षं फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांत टपाल वाटलं होतं. निवृत्त झाल्यावर टपालाची जुनी गाडीही तिनंच घेतली. गाडीचं स्टिअरिंगचं चाक उजव्या हाताला, कारण तिकडे गाडी चालते रस्त्याच्या उजव्या कडेनं आणि पत्रपेट्याही त्याच कडेला. खाली न उतरता पत्र टाकता यावं म्हणून ही सोय. आता टाकायला पत्रं नव्हती, पण चाक जिथल्या तिथंच होतं. त्यामुळे समोरून येणारा प्रत्येक ट्रक डावीकडे बसलेल्या वेल्ताच्या अंगावर धावून यायचा. पुढच्या गाडीला मागे टाकायचं तर आइरीला समोरचं दिसायचं नाही. वेल्तानं मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं. वेल्ता सांगायची, "मोकळा आहे रस्ता, काढ, काढ!" आणि आइरी काही काढायची नाही. "तू घाईत बघतेस," म्हणायची आणि ट्रॅक्टरच्या मागे वीस किलोमीटर तशीच रांगत जायची.

दोघींची ओळख झाली ती टपालामुळेच. चौदा वर्षांपूर्वी वेल्ता लाटव्हियाहून नार्पियोला टोमॅटोच्या काचघरात कामाला आली. मजुरांच्या चाळीसमोर आइरीची गाडी थांबली की वेल्ता हातमोज्यांसकट बाहेर धावायची. आईचं पत्र महिन्यातून दोनदा यायचं. सहा वर्षांपूर्वी ती पत्रं थांबली, तरी वेल्ता धावत बाहेर यायची राहिली नाही. आइरी मान हलवायची, "नाही आज." एके दिवशी ती "नाही आज" म्हणाली आणि गाडी बंद करून खाली उतरली, थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतली. तेव्हापासूनची ही मैत्री.

आईची पत्रं थांबली ती आई गेली म्हणून. आणि वेल्ता आईच्या मातीला गेली नाही.

हे एवढं साधं असतं तर कुणी माफही केलं असतं. पण त्या वर्षी मार्चमध्ये धाकट्या भावाचा, तालिसचा फोन आला, "शुक्रवारी पुरतोय, ये," तेव्हा वेल्तानं सांगितलं की समुद्रात वादळ आहे, बोटीत जागा नाही. तालिस पडला सरळ माणूस. बहिणीसाठी काही होतं का बघावं म्हणून त्यानं बोटीच्या कचेरीत फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, किती हव्यात जागा? अर्धी बोट रिकामी आहे. मग त्यानं वेल्ताला परत फोन केला आणि वेल्ता, कपाळ माझं, काय म्हणावं तिला, तोंडावर म्हणाली, "ती बाई खोटं बोलतेय."

"माझ्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू नकोस," तालिस म्हणाला. त्यानंतर त्यानं तिचा एकही फोन उचलला नाही.

सहा वर्षं अशी गेली. या जानेवारीत वेल्ता काचघरात घसरून पडली, मनगट मोडलं. इस्पितळात नर्सनं अर्ज पुढे केला. जवळचा नातेवाईक कोण? वेल्तानं आइरीचं नाव लिहिलं. आइरी आली, अर्ज वाचला आणि म्हणाली, "मी जवळची आहे. नातेवाईक नाही." ते वाक्य वेल्ताच्या मनातून जाईना. तिच्या खोट्यापायी तिचा एकुलता एक भाऊ तुटला होता आणि ते खोटं अजून तिच्याच तोंडात होतं. ते त्याच्यासमोर थुंकून टाकल्याशिवाय आता जीव राहणार नव्हता.

पण दार उघडेल तर ना! म्हणून तिनं ठरवलं कबरींच्या सणाला जायचं. लाटव्हियात प्रत्येक दफनभूमीचा उन्हाळ्यात एक दिवस असतो. त्या दिवशी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरीपाशी उभं राहतं, पाद्री येतो, बँड वाजतो. जो येत नाही त्याच्यावर पुढे वर्षभर तोंडसुख घेतलं जातं. आईच्या कबरीपाशी दोन्ही मुलांनी उभं राहायचं ही रीतच. गावासमोर, पाद्र्यासमोर तालिस तिला हाकलणार नाही, एवढं तिला ठाऊक होतं. मे महिन्यात तिनं कार्ड टाकलं: "यंदा सणाला येते. तुझ्या शेजारी उभी राहीन. तू बोलू नकोस, मला बोलायचं आहे." तारीख घातली नाही. घालायची कशाला? एग्लुकाल्नच्या, त्यांच्या गावच्या दफनभूमीचा सण तिच्या आजीच्या आजीपासून ठरलेला: लीगोनंतरच्या, म्हणजे जूनमधल्या शेकोट्यांच्या सणानंतरच्या, तिसऱ्या शनिवारी, दुपारी दोनला.

"उत्तर नाही आलं," ती जूनभर म्हणत होती.

"कार्डही परत नाही आलं," आइरी म्हणायची. "म्हणजे पोचलं."

बोटीवर दोन तास. आइरीनं खिडकीपाशी जागा धरली, सामन माशाचं सूप घेतलं आणि राईच्या पावाला सावकाश लोणी लावत बसली. वेल्ता वरच्या डेकवर चकरा मारत राहिली. वाऱ्यानं केस तोंडात जात होते आणि ती पुटपुटत होती, "जागा होती. जागा होती, तालिस. मी खोटं बोलले." सिगारेट ओढणारे दोन एस्टोनियन गवंडी तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा ती खाली आली.

"आठ चकरा," आइरी म्हणाली. "पोहत गेली असतीस तरी चाललं असतं."

रात्र टॅलिनबाहेर एका तळावरच्या लाकडी खोलीत काढली. सकाळी सहाला वेल्ता गाडीत जाऊन बसली. आइरी आठला उठली, कॉफी प्याली, खोलीचा केर काढला. हो, केर काढला! भाड्याच्या खोलीचा! वेल्तानं हॉर्न वाजवला तर खिडकीतून झाडू हलवून दाखवला.

"दोनला सण आहे, आइरी! दोनला!"

"मला ऐकू येतं. आता फक्त साडेआठ वाजलेत आणि वाट चार तासांची आहे. तू आत्ता पोचलीस तर करणार काय? मेलेल्यांना उठवणार?"

वाटेत पार्नूच्या बाजारात फुलं घेतली. बारा पांढरे शेवंतीचे दांडे, वेल्तानं स्वतः दोनदा मोजून. गाडीपाशी येईपर्यंत आइरीनं, बिचारीनं आपल्या मनानं, कडेला उगवलेलं एक निळं रानफूल तोडून त्यात खोचलं. वेल्तानं मोजलं आणि किंचाळलीच.

"तेरा! अगं तेरा केलीस!"

"बरं दिसतं की निळं."

"विषम फुलं जित्या माणसाला देतात, बाई! वाढदिवसाला, लग्नाला! मेलेल्यांना सम. तेरा फुलं घेऊन गेले तर गाव म्हणेल, हिला आई मेलेली पण ठाऊक नाही!"

आइरीनं निळं फूल निमूट काढून स्वतःच्या कानामागे खोचलं. "मग हे मला. मी जिती आहे." वेल्ताला हसू आलं आणि हसता हसता रडू. तिला खरंच वाटत होतं, गाव तेच म्हणेल, आणि खोटं म्हणणार नाही.

पार्नूच्या खाली रस्त्याचं काम चाललं होतं. एकच बाजू चालू, तिथं तात्पुरता सिग्नल. लाल. समोर दोन किलोमीटर सरळ रस्ता, त्यावर एक कुत्रंही नाही. शनिवार म्हणून कामगारही नव्हते. आइरीनं गाडी थांबवली, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

"कुणी नाहीये," वेल्ता म्हणाली.

"लाल आहे."

"मला दिसतंय लाल. कुणी नाहीये!"

"म्हणून काय तो हिरवा होतो?"

तीन मिनिटं गेली. पाच गेली. घड्याळात सव्वाअकरा. सिग्नल बिघडलाय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण आइरी ढिम्म. मग वेल्तानं फुलं उचलली, दार उघडलं आणि चालायला लागली. सरळ लाटव्हियाच्या दिशेनं. काळा झगा, हातात बारा शेवंत्या, दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल. एकोणसाठ वर्षांची बाई, घामानं थबथबलेली, आणि तिला स्वतःचं हसूही येत होतं आणि थांबवतही नव्हतं. चालणं बरं होतं. बसलं की तालिसचा आवाज कानात यायचा. दीड किलोमीटर गेल्यावर मागून गाडी आली, शेजारी तिच्या चालीनं रांगायला लागली. उजवीकडच्या खिडकीतून आइरी म्हणाली, "हिरवा झाला."

"आपोआप?"

"आपोआप. वाट बघितली की होतो. बस आता, नाहीतर तुझ्या गावात लोक म्हणतील, फिनिश बाईनं पायी आणलं."

आइनाझीला लाटव्हियाची सरहद्द आली आणि गेली. जुनी चौकी, तुटक्या काचा, एक विश्रांती घेणारा सायकलवाला. मग समुद्र मागे पडला, खडीचा रस्ता सुरू झाला, आणि वेल्ताचे हात फुलांभोवती इतके आवळले की आइरीनं ती काढून मागच्या सीटवर ठेवली.

दोनला दहा कमी असताना त्या एग्लुकाल्नच्या टेकडीखाली पोचल्या. एरवी सणाच्या दिवशी इथं गाड्या लावायला जागा नसते. लोक अर्धा किलोमीटर अलीकडे ओढ्याच्या काठी गाड्या सोडून येतात. आज फाटकापुढे एक गाडी नव्हती. एक सायकल होती, झाडाला टेकवलेली.

"पहिल्या आलो आपण!" वेल्ता म्हणाली. आणि ती पळत टेकडी चढली.

वर कुणी नव्हतं. कबरींभोवतीची वाळू विंचरलेली होती, तशी ती सणाआधी विंचरतात, बारीक दातांच्या फणीनं, एकही पाऊल उमटू न देता. पण त्या रेघांवर पावसाचे टपोरे खड्डे पडले होते. दिव्यांतलं मेण संपलेलं. फुलं माना टाकून काळी पडलेली. आईच्या कबरीवर शेवंती होती, सुकलेली, आणि कबरीशेजारी दोन घडीच्या खुर्च्या मिटून झाडाला टेकवून ठेवल्या होत्या.

पलीकडच्या नळापाशी झारी भरत असलेली म्हातारी कपाळावर हात धरून बघत होती. आउस्त्रा होती ती, शाळेची पूर्वीची स्वयंपाकीण. "कोण गं? आल्माची वेल्ता की काय?"

"आउस्त्रामावशी, सगळे कुठे आहेत? दोनला आहे ना?"

"काय दोनला?"

"सण."

आउस्त्रानं झारी खाली ठेवली. "अगं पोरी, सण मागच्या शनिवारी झाला."

"असं कसं? लीगोनंतरचा तिसरा शनिवार..."

"मग तेच तर. लीगो बुधवारी झाला. लगेच आला तो पहिला शनिवार, मग दुसरा, मग तिसरा. आज चौथा."

वेल्ता बोटं मोजायला लागली. पहिलं बोट, दुसरं बोट, आणि मधेच थांबली. तिच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. लीगो म्हणजे जूनची तेवीस तारीख. वार कुठला का असेना, आभाळ कोसळो, तेवीसला शेकोट्या पेटणार. फिनलंडमध्येही तोच सण, त्याच शेकोट्या, नाव युहान्नुस. पण तिथं सुट्टी नीट मिळावी म्हणून तो लोकांनी शनिवारी सरकवलाय. यंदा सव्वीसला. चौदा वर्षं काचघराला सुट्टी तेव्हाच, म्हणून वेल्ताची शेकोटीही तेव्हाच. सव्वीसच्या शनिवारी आइरीच्या अंगणात ओल्या फांद्या पेटवताना तिनं मनात म्हटलं होतं, लीगो झाला, आता तीन शनिवार. तो शेकोटीचा शनिवारच मुळात पहिला होता, आणि तिनं तो मोजलाच नव्हता.

"तालिस आला होता?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं.

"आला होता म्हणजे? कोट घालून आला होता, त्या उन्हात. दोन खुर्च्या आणल्यान. ज्याला त्याला सांगत होता, बहीण येतेय, माझी बहीण येतेय. पाद्री सुरू करायला लागले तर हा म्हणाला, जरा थांबा, दुरून येतेय ती. पाव तास थांबवलं त्यानं सगळ्यांना! एवाल्दचा बँड ट्रॉम्बोन तोंडाला लावून उभा. सगळं गाव फाटकाकडे बघत. मग पाद्री म्हणाले, तालिस, पुढच्या गावालाही जायचंय मला." आउस्त्रानं झारी उचलली. मग म्हणाली, "रागावला असता तर बरं झालं असतं. तो काही बोललाच नाही गं."

वेल्तानं बारा शेवंत्या कबरीवर ठेवल्या कशाबशा, आणि टेकडी उतरून धावत गाडीपाशी आली. आइरी बॉनेटवर थर्मास ठेवून उभी होती. वेल्तानं धापा टाकत सगळं सांगितलं, अर्धं फिनिशमध्ये, अर्धं लाटव्हियनमध्ये.

"चल. फिरव गाडी. आत्ता निघालो तर संध्याकाळची बोट मिळेल."

"नाही," आइरी म्हणाली.

"नाही काय? तुला कळतंय का? मी दुसऱ्यांदा त्याला फसवलं! या वेळी गावासमोर! आणि सांगू काय त्याला? युहान्नुस मोजला म्हणून? बोटीत जागा नाही हे तरी खरं वाटण्यासारखं होतं. हे खरं आहे आणि कुणाला खरं वाटणार नाही!"

आइरीनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. आणि मग ती जितकं बोलली तितकं वेल्तानं तिला चौदा वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. "हे बघ. माझ्याकडे पत्रं उशिरा यायची. बर्फात अडकायची, चुकीच्या पोत्यात जायची, एक तर अकरा वर्षांनी कपाटामागं सापडलं. उशीर झाला म्हणून मी एकही पत्र वाटेत टाकून दिलं नाही. दारात जायचं, हातात द्यायचं. शिव्या खायच्या त्या दारात उभं राहून खायच्या. ते माझं काम होतं. तुला घरी जायचं असेल तर जा चालत, तुला येतं चालता. पण माझी गाडी तुझ्या भावाच्या घरी चाललीय. बस."

वेल्ता बसली. आणि त्या खडीच्या रस्त्यावर आइरीनं, देवाशप्पथ, गाडी पळवली. खडे खाली ताडताड आपटत होते.

"हळू! हळू चालव ना जरा," वेल्ता म्हणाली.

तालिस अंगणात गवत कापायच्या यंत्राखाली वाकला होता. गाडीच्या आवाजानं त्यानं मान वर केली. केस पांढरे झाले होते. वेल्ताला ते ठाऊक नव्हतं. ती फाटकापाशी आली.

"तिथंच थांब," तो म्हणाला.

ती तिथंच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिचे पाय हलेनात. बोटीवर घोकलेलं सगळं विसरलं होतं. जे तोंडात आलं ते आलं.

"जागा होती, तालिस. त्या बोटीत. वादळबिदळ काही नव्हतं."

"मला ठाऊक आहे. अर्धी बोट रिकामी होती."

"तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. पण मी कबूल केलं नाही. आईनं नाताळला बोलावलं होतं आणि मी म्हटलं, पुढच्या वर्षी. मग तू फोन केलास. शवपेटीतला तिचा चेहरा बघायची हिंमत नव्हती माझी. सगळ्या गावासमोर कुठल्या तोंडानं उभी राहणार होते? भ्याले. म्हणून खोटं बोलले. आणि त्या बाईला खोटं पाडलं."

तालिस फडक्याला हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला. "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू शिव्या दिल्या असत्यास."

"दिल्या असत्या. भरपूर दिल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला असता." त्याचा आवाज चिरकला. "सहा वर्षं, वेल्ता!"

गाडीत आइरी समोर बघत बसली होती, दोन्ही हात चाकावर.

"आणि मागच्या शनिवारी?" तालिस म्हणाला. "तेव्हा कुठली बोट भरली होती?"

आता आलं. वेल्तानं डोळे मिटले आणि सांगितलं. सव्वीस तारीख, युहान्नुस, काचघराची सुट्टी, मोजायचा राहिलेला पहिला शनिवार. सांगताना तिलाच लाज वाटत होती. तिच्या कानांनाच ते खोटं वाटत होतं.

तालिसनं फडकं यंत्रावर टाकलं.

"लीगो सरकवतात? शनिवारी?"

"हो."

"सुट्टीसाठी?"

"हो. म्हणजे सोमवारी पुन्हा कामावर जाता येतं."

"मग तेवीसला काय करतात?"

"काही नाही. टोमॅटो खुडतात."

तालिसनं गाडीतल्या आइरीकडे बघितलं. एका अख्ख्या देशाबद्दल त्याला जे वाटत होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आइरीनं कानामागचं फूल सारखं केलं आणि नम्रपणे मान लववली.

"तू खोटं बोलतेस ते नीट बोलतेस," तो शेवटी म्हणाला. "वादळ काय, जागा काय. इतकं मूर्खासारखं काही तुला रचता आलं नसतं. हे खरं आहे."

"खरं आहे, रे."

"मूर्ख आहेस."

"आहे."

तो नळावर गेला, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, टोपी घातली. फाटक उघडून बाहेर आला आणि तिच्या शेजारून सरळ रस्त्याला लागला. घरात चल म्हणाला नाही. थोडं पुढे जाऊन वळला.

"चल."

"कुठे?"

"ज्यांना ज्यांना मी त्या उन्हात उभं केलं त्यांच्याकडे. एकेका दारात. मी सांगणार नाही, तू सांगायचं. मला हसलेत ते, आता तुला हसू देत."

ती निघाली. आइरीनं गाडी सुरू केली आणि मागून त्यांच्या चालीनं येऊ लागली. तालिस लांब ढांगा टाकत होता, वेल्ता त्याच्या मागे दोन पावलं. पहिलं घर एवाल्दचं. म्हातारा पायरीवर बसून वाटाणे सोलत होता. त्यानं वेल्ताला वरून खाली न्याहाळलं, ओळखलं, आणि त्याच्या कपाळावर आठी चढली.

तालिस पायरीखाली उभा राहिला. टोपी काढली.

"एवाल्दकाका, ही माझी बहीण. हिला तुम्हाला काही सांगायचंय."

माझी बहीण. वेल्ता तालिसच्या पुढे झाली. तिनं सगळं सांगितलं. सव्वीसचं सांगितलं, आणि न विचारता मार्चचंही सांगितलं, बोटीचं, जागेचं. मार्चचं ऐकताना म्हाताऱ्याचे हात थांबले. सव्वीसचं ऐकताना त्यानं आधी आ वासला आणि मग असा हसला की वाटाणे मांडीवरून खाली सांडले.

"टोमॅटो खुडतात म्हणे! लीगोला!" डोळे पुसत तो म्हणाला. मग गंभीर झाला. "मार्चचं सांगितलंस ते बरं केलंस, पोरी." त्यानं आत हाक मारली, मग तालिसकडे बघितलं. "दुरून आलीय ती. घास-दोन घास खाऊन जा इथंच. ती बाई पण आहे ना गाडीत? तिलाही बोलाव."

"नको काका," तालिस म्हणाला. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि वेल्ताकडे न बघताच म्हणाला, "दोघी आमच्या घरी जेवणार आहेत."